कोंबड्यांची राखण

‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहात नाही’ ही म्हण मराठी घरांतून लहानथोर सर्वांच्या तोंडी असते. सत्य दडपता येत नाही, हा तिचा अर्थही सर्वांस ठाऊक आहे. परंतु म्हणीतले ते कोंबडे मुळात झाकले जात होते ते कशासाठी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सूर्य थोपविण्यासाठी कोणी कोंबडे झाकीत नसे. दिवेलागणीच्या सुमारास अंगणातल्या कोंबड्या गोळा करावयाच्या, त्यांच्यावर बांबूचे डालगे पालथे घालावयाचे, डालग्यावर एखादा जड दगड ठेवावयाचा आणि मग घराचे दार लावावयाचे, हा खेड्यापाड्यांतील शेकडो वर्षांचा नित्यक्रम होय. त्या डालग्याबाहेर रात्रभर रानमांजर, उदमांजर, कोल्हा आणि घूस फिरत असत. म्हणीत पहाट तेवढी उरली आहे. रात्रीचे भय तिने गृहीतच धरले आहे.

कुक्कुटपालनाचा इतिहास सांगताना सामान्यतः कोंबड्यांच्या जातींचा, अंड्यांच्या संख्येचा आणि बाजारभावाचा विचार केला जातो. तो आवश्यकही आहे. परंतु ह्या साऱ्याच्या मुळाशी राखणीचा एक जुना व्यवहार आहे. कोंबडीने रान सोडले तेव्हा स्वतःच्या बचावाची साधने पुष्कळशी रानातच ठेविली, आणि ती उणीव भरून काढण्याचे काम मनुष्याच्या अंगावर आले. ते काम त्याने कोणत्या काळी कसे पार पाडले, कोठे टाळले, आणि टाळल्याची किंमत कोणी भरली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

आजच्या सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ दक्षिण व आग्नेय आशियातील लाल रानकोंबडीत आहे. २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली. नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार ह्या भागांत राहणारी एक उपजात पाळीव कोंबडीस सर्वांत जवळची आहे, असे तीवरून दिसून आले. पाळीव कोंबडीची निःसंदिग्ध म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वट येथे सापडली असून, त्यांचा काळ इ. स. पू. १६५० ते १२५० असा ठरविण्यात आला आहे. हा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्याबरोबर संशोधकांनी जी उपपत्ती मांडली आहे ती मोठी मार्मिक आहे. त्या प्रदेशात माणसे पावसाच्या पाण्यावर भात व बाजरीवर्गातील धान्ये पेरू लागली. त्या शेतांच्या आणि कोठारांच्या कडेला सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबड्या झाडांवरून वस्तीपाशी उतरल्या. म्हणजे मनुष्याने कोंबडी धरून आणिली असे म्हणण्यापेक्षा, ती दाण्यामागे आली आणि मग राहिली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

ह्या घराण्यात महाराष्ट्राचाही थोडा वाटा आहे. सह्याद्रीच्या रानांत पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो करडा रानकोंबडा लाल रानकोंबड्याहून निराळ्या जातीचा होय. कित्येक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा जो पिवळा रंग दिसतो, तो ह्या करड्या रानकोंबड्याच्या संकरातून आला असल्याचे २००८ साली सिद्ध झाले. जगाच्या पाठीवर कोठेही पिवळ्या पायांची कोंबडी उकिरडा उकरताना दिसली, तर तिच्या अंगी हिंदुस्थानातील रानाचा काही अंश आहे असे समजावयास हरकत नाही.

रानकोंबडीचा दिनक्रम पाहिला म्हणजे राखणीचे मर्म ध्यानात येते. दिवसभर ती जमिनीवर पाने उकरीत किडे व दाणे वेचते. संध्याकाळ झाली की झाडाच्या फांदीवर किंवा बांबूच्या बेटात चढून बसते. अंधारात तिला फारसे दिसत नाही, म्हणून रात्रीपुरते उंचावर जाणे हाच तिचा किल्ला. दिवसा मात्र ती चांगली सावध असते. कोंबड्यांच्या कळपात आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी एक इशारा आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी दुसरा, असे दोन वेगळे आवाज असतात. घार दिसली की पहिला आवाज होतो आणि पिले झुडपाखाली किंवा आईच्या पंखांखाली दडतात. मांजर किंवा कुत्रा दिसला की दुसरा आवाज होतो आणि सारा कळप माना उंच करून कलकलाट करू लागतो. ही दिवसाची सावधगिरी पाळीव कोंबडीने अद्याप सोडलेली नाही. तिने गमावली ती रात्रीची फांदी. मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्या जड अंगाच्या, पुष्कळ अंडी घालणाऱ्या कोंबड्या निवडल्या. त्यांना उंच उडता येईनासे झाले. फांदी गेली, तिच्या जागी खुराडे आले.

हे खुराडे आरंभी खाण्याच्या लोभाने बांधले गेले असे मात्र दिसत नाही. युरोपात कोंबडी इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमारास पोहोचली, आणि त्यानंतर कित्येक शतके तिचे मांस हे नेहमीचे अन्न नव्हते. अनेक ठिकाणी वृद्ध कोंबड्यांचे सांगाडे न कापलेल्या स्थितीत पुरलेले आढळतात. ज्युलियस सीझरने इ. स. पू. पहिल्या शतकात ब्रिटनच्या रहिवाशांविषयी लिहून ठेविले आहे की, ससा, कोंबडा आणि हंसक हे प्राणी खाणे ते निषिद्ध मानीत, परंतु हौसेखातर ते पाळीत. हिंदुस्थानात मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावकोंबडा अभक्ष्य पदार्थांत गणला आहे. ह्या निषेधाचा परिणाम असा झाला की, महाराष्ट्रातील पांढरपेशा वाड्यांच्या परसात तुळस, गाय आणि विहीर असे. कोंबडी मात्र नसे. ती राहिली कुणब्याच्या अंगणात, कोळ्याच्या झापाशेजारी, महारवाड्यात आणि डोंगरातील आदिवासी पाड्यांवर. ज्या घरांत गाय बांधण्याइतकी ऐपत नव्हती त्या घरांची ती दौलत झाली.

ही दौलत बहुधा घरातील बाईच्या हातची असे. शेत नवऱ्याच्या नावे, बैल सावकाराच्या नजरेत. परंतु कोंबडी आणि तिची अंडी ह्यांचा हिशेब बाई स्वतः ठेवी. आठवड्याच्या बाजारी चार अंडी गेली तर मीठमिरची येई, एखादी तलंग विकली तर मुलाची पाटी किंवा लुगड्याचा काही भाग सुटे. पाहुणा आला की कोंबडी, नवस फेडावयाचा की कोंबडा. कोकणात व गोव्यात गावाच्या राखणदारासही वार्षिक मान म्हणून कोंबडा देण्याची चाल आहे. सबंध गावाची राखण करणाऱ्या देवतेस जो जीव द्यावयाचा, त्याची वर्षभर राखण करणारी मात्र ती बाईच असे. एका रात्री उदमांजराने खुराडे फोडले तर श्रीमंताची गंमत जाते. ह्या बाईचे सहा महिन्यांचे स्वातंत्र्य जाते. राखणीचा प्रश्न क्षुल्लक वाटणाऱ्या शहरी वाचकाने एवढे ध्यानी घ्यावे.

राखणीचे शास्त्र सविस्तर लिहून ठेवण्याचे श्रेय प्राचीन रोमन लेखकांकडे जाते. वॅरो ह्या विद्वानाने इ. स. पू. ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर ग्रंथ लिहिला. दोनशे कोंबड्या पाळावयाच्या असल्यास कुंपण घातलेल्या जागेत पूर्वेकडे तोंड असलेली दोन जोडखुराडी बांधावी, प्रत्येकाची लांबी सुमारे दहा फूट व रुंदी त्याच्या निम्मी ठेवावी, असे तो सांगतो. खिडक्या विरळ विणीच्या काटक्यांच्या असाव्या, म्हणजे उजेड भरपूर येईल, पण कोंबड्यांस अपाय करणारा कोणताही प्राणी आत शिरू शकणार नाही, अशीही त्याची सूचना आहे. पुढच्या शतकात कोलुमेला ह्या लेखकाने ह्याच विषयावर अधिक बारकाईने लिहिले. खुराडे स्वयंपाकघराशेजारी असावे, कारण धूर कोंबड्यांस हितकर असतो. बसण्याचे दांडे गोल व गुळगुळीत नसून चौकोनी तासलेले असावे, म्हणजे पायांची पकड सुटणार नाही. आणि भिंती आतून-बाहेरून गिलावा करून गुळगुळीत कराव्या, म्हणजे मांजरास किंवा सापास वर चढता येणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ह्या सूचना वाचताना असे वाटते की, फांदी नाहीशी केल्यावर तिची उंची, तिची पकड आणि तिची दुर्गमता ही तिन्ही मनुष्याने लाकूडचुन्यात पुन्हा उभी केली.

तथापि खुराड्यात एक धोका उपजतच आहे. खुराडे फुटल्यावर शिकारी प्राणी एकच कोंबडी नेऊन स्वस्थ बसत नाही. तो सगळ्याच मारून टाकतो आणि बहुतेक तेथेच सोडून जातो. ह्या दृश्यामुळे कोल्हा व मुंगूस हे क्रौर्याचे पुतळे मानले गेले. हान्स क्रूक ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली ह्या वर्तनाचा उलगडा केला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री जमिनीवर बसलेले कुरव पक्षी कोल्ह्याकडून मोठ्या संख्येने मारले जात. तसाच प्रकार आफ्रिकेत वादळी रात्री तरसांकडून हरणांच्या बाबतीत घडलेला त्याने पाहिला. एरवी एकावर झडप पडताच बाकीचे सावज पळून जाते, आणि शिकाऱ्याच्या हाती एकापेक्षा अधिक क्वचितच लागते. सावज पळूच शकत नसेल तर मात्र पोट भरल्यावरही मारण्याची क्रिया थांबत नाही. बंद खुराड्यातील कोंबडी नेमकी ह्याच अवस्थेत असते. म्हणून कच्च्या दाराचे खुराडे हे उघड्या अंगणाहूनही घातक होय. अंगणात दहांतल्या एकीचा जीव जाईल. तशा खुराड्यात दहाही जातील. कोंबडीला कोंडताना मनुष्य तिची पळण्याची शक्ती काढून घेतो, आणि त्या क्षणापासून तिच्या जिवाची सगळी जबाबदारी त्याच्या कडीवर येऊन पडते.

ह्या कडीच्या कामी एकोणिसाव्या शतकात एक मोठे साधन हाती आले. इंग्लंडमधील नॉर्विच हे कापड विणण्याचे जुने केंद्र. तेथील चार्ल्स बर्नार्ड ह्या लोहकारागिराने १८४४ साली, मागाच्या धर्तीवर, तारेची जाळी विणणारे यंत्र बनविले. षट्कोनी डोळ्यांची ती जाळी पुढे जगभर पसरली. तोवर कुंपण म्हणजे काटेरी झुडपे, कुड किंवा दगडमातीची भिंत. जाळीमुळे उजेड व हवा न अडविता शत्रू अडविणे प्रथमच स्वस्त झाले. त्याच सुमारास विलायतेत व अमेरिकेत कोंबड्यांचे विलक्षण वेड पसरले होते. चीनमधून आलेल्या थोराड कोंबड्या राणी व्हिक्टोरियाच्या पक्षिगृहात होत्या, १८४९ साली बोस्टन येथे मोठे प्रदर्शन भरले, आणि ब्रह्मपुत्रेच्या नावावरून ‘ब्रह्मा’ म्हटल्या जाणाऱ्या जातीस भारी किंमत येऊ लागली. कोंबडी महाग झाली तशी तिच्या शत्रूंवरची चीडही वाढली. दार भक्कम करण्यापेक्षा शत्रूच नाहीसा करावा, हा विचार ह्याच शतकात राजमान्य झाला.

त्या विचाराचे दोन प्रयोग विशेष प्रसिद्ध आहेत. पहिल्याचा संबंध हिंदुस्थानाशी आहे. जमैका बेटावरील उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. डब्ल्यू. बँक्रॉफ्ट एस्प्यूट ह्या मळेवाल्याने १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे आणवून सोडली. आरंभी उंदीर कमी झाले आणि मळेवाल्यांनी आनंद केला. परंतु मुंगूस दिवसा हिंडणारे, तर उंदीर रात्री फिरणारे व झाडावर चढणारे. तेव्हा मुंगसांनी लवकरच जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि लोकांच्या अंगणातल्या कोंबड्या ह्यांकडे मोर्चा वळविला. १८९० च्या सुमारास तो प्राणी उपकारक न राहता पीडा ठरला होता. तोवर त्याची पैदास १८८३ साली हवाई बेटांतही पोहोचली होती. मळेवाल्याचा ऊस राखण्यासाठी आणलेल्या जनावराने गरिबाचे खुराडे लुटले, असा ह्या प्रयोगाचा शेवट झाला. जपानमधील अमामी ओशिमा बेटावर १९७९ साली विषारी सापांच्या बंदोबस्तासाठी मुंगसे सोडण्यात आली होती. त्यांचा समूळ नायनाट झाल्याचे जाहीर होण्यास २०२४ चा सप्टेंबर उजाडावा लागला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचा. १८८५ साली तेथील विधिमंडळाने कायदा करून ससाणे, घुबडे, वीझल व मिंक ह्यांच्या प्रत्येक डोक्यामागे पन्नास सेंट इनाम ठरविले. हेतू हाच की, शेतकऱ्यांच्या कोंबड्या वाचाव्या. दीड वर्षात सुमारे नव्वद हजार डॉलर वाटले गेले आणि सव्वा लाखांहून अधिक पशुपक्षी मारले गेले. अमेरिकी शेतीखात्यातील पक्षितज्ज्ञ सी. हार्ट मेरियम ह्याने १८८६ साली ह्याचा जमाखर्च मांडला. ससाणे व घुबडे ह्यांनी राज्यात वर्षाला सुमारे पाच हजार कोंबड्या मारल्या असे धरले व प्रत्येकीची किंमत पंचवीस सेंट मानली, तर दीड वर्षात वाचलेले नुकसान अवघे १,८७५ डॉलरचे होते. उलट मारलेल्या पक्ष्यांनी जे उंदीर खाल्ले असते ते आता शेतात मोकळे सुटले; त्यापायी होणारे नुकसान त्याने अडतीस लाख डॉलरच्या वर काढले. हा अंदाज होता हे खरे. पण १८८७ साली तो कायदा रद्द झाला.

मेरियमच्या हिशेबास पुराव्याचे बळ दिले ते ए. के. फिशर ह्याने. त्याने सुमारे २,७०० ससाण्या-घुबडांच्या जठरांची तपासणी करून १८९३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला शेतकरी सर्रास ‘कोंबडीचोर’ म्हणत त्या लाल शेपटीच्या ससाण्याची ५६२ जठरे तपासली, तेव्हा ५४ मध्ये कोंबड्या किंवा शिकारीचे पक्षी आणि २७८ मध्ये उंदीर आढळले. लाल खांद्यांच्या ससाण्याच्या २२० जठरांपैकी केवळ ३ मध्ये कोंबडी होती. खरोखर अपाय करणाऱ्या जाती दोनतीनच होत्या; पण बंदुकीने फरक केला नाही. न्यायाचा साधा नियम असा की, शिक्षेपूर्वी चोर ओळखावा. कोंबड्यांच्या राखणीत हा नियम वारंवार मोडला गेला आहे, आणि त्याचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्यानेच सोसला आहे.

विसाव्या शतकात दोन महायुद्धांनी कोंबडी पुन्हा शहरी घरांच्या परसात आणिली. १९१७–१८ मध्ये अमेरिकेच्या शेतीखात्याने घरातील प्रत्येक माणसामागे दोन कोंबड्या पाळाव्या असा प्रचार केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंड्यांचे रेशन सामान्यतः माणशी आठवड्याला एक होते. जे कुटुंब हा हक्क सोडून देई त्याला कोंबड्यांसाठी पूरक खाद्य मिळे, आणि उरलेसुरले बटाट्याच्या सालींवर भागविले जाई. हजारो कारकून, शिक्षक व गृहिणी ह्यांनी त्या काळात प्रथमच संध्याकाळी मोजदाद करून खुराडे बंद करण्याची शिस्त अंगी बाणविली. युद्ध संपले, टंचाई सरली, आणि परसातील कोंबडी पुन्हा मागे पडली.

कारण दरम्यान एक निराळीच व्यवस्था उदयास आली होती. १९२३ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सिसिल स्टील ह्या बाईंनी पन्नास पिले मागविली असता चुकून पाचशे आली; त्यांनी ती परत न पाठविता वाढवून मांसासाठी विकली, आणि त्या धंद्याची वाढ होत होत बंदिस्त कारखानदारीपर्यंत पोहोचली. अंड्यांच्या कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत गेल्या. कोल्हा, घार, मुंगूस ह्यांचा प्रश्न तेथे जवळजवळ संपला. परंतु हजारो पक्षी एका छपराखाली आले तेव्हा शत्रू आकाराने लहान होऊन आत शिरला. १९२६ च्या सुमारास जावा व इंग्लंडमध्ये आढळलेला एक प्राणघातक रोग पुढच्या एकदोन वर्षांत कुमाऊँतील राणीखेत येथे दिसला, आणि हिंदुस्थानात त्या रोगास त्या गावाचेच नाव पडले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक जाहीर झाला, तेव्हा साथ आवरण्यासाठी लाखो पक्षी नष्ट करावे लागले; त्यांत मोठ्या व्यावसायिकांचे होते, तसेच घरामागे चारसहा कोंबड्या पाळणाऱ्यांचेही होते. पूर्वी जाळीने घार अडविली म्हणजे पुरे होई. आता चिमणीने व रानबदकाने आणलेला विषाणूही अडवावा लागतो. दुसऱ्या बाजूने, हलताही न येणाऱ्या पिंजऱ्यास संरक्षण म्हणावे काय, हा प्रश्न युरोपने विचारला, आणि १ जानेवारी २०१२ पासून तेथील संघराष्ट्रांत जुन्या पद्धतीचे पिंजरे बेकायदा ठरले.

ज्या वेळी शत्रू कोल्ह्यामुंगसाहून मोठा असतो त्या वेळी राखणीचा प्रश्न किती बिकट होतो, हे पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात दिसून आले आहे. कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसाच्या दाट आडोशात बिबट्या राहू लागला. वस्तीवरील कुत्री, शेळ्या व कोंबड्या हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य. लोकांच्या तक्रारींवरून बिबटे पिंजऱ्यात पकडून दूर नेऊन सोडण्याची मोहीम २००१ पासून जोराने चालली. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी ह्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, ह्या मोहिमेनंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. वर्षाला सरासरी ४ असलेले हल्ले १७ पर्यंत गेले. ज्या घरातील मूल गेले त्या घरास असे आकडे सांगून समाधान होत नाही, आणि होऊही नये. परंतु त्याच आकड्यांत पुढच्या घराचे रक्षण आहे. मोकळ्या गोठ्यात बांधलेली शेळी आणि झाडाखाली ठेवलेले डालगे बिबट्यास वस्तीत बोलावते. वर छप्पर, चहूकडून मजबूत जाळी आणि आतून लागणारी कडी असलेला गोठा ते आमंत्रण कमी करतो. असा गोठा बांधण्याची ऐपत मेंढपाळास किंवा ऊसतोडणीवर आलेल्या कुटुंबास नसते. तेव्हा पिंजरे लावण्यावर खर्च होणाऱ्या पैशाचा काही भाग दारे बांधण्यावर खर्च होणे न्यायाचे ठरेल.

परसातील कोंबडीचा काळ संपला आहे असेही नाही. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने ‘वनराजा’ ही जात मुद्दाम ग्रामीण परसांसाठी तयार केली. लांब पायांमुळे ती शत्रूपासून पळू शकते, हा तिच्या गुणांत सांगितला जाणारा एक गुण आहे. शास्त्राने कोंबडीस तिची हरवलेली चपळाई थोडीबहुत परत दिली, हे इष्टच झाले. तथापि रात्री ती चपळाई उपयोगी पडत नाही. त्यासाठी जुनेच उपाय लागतात. खुराडे जमिनीपासून उचललेले असावे. जाळीचे डोळे अर्ध्या इंचाहून मोठे नसावे, कारण लहानशा फटीतूनही उंदीर व साप आत येतात. कुंपणाची जाळी फूटभर जमिनीत पुरलेली असावी, म्हणजे घूस व मुंगूस खालून उकरणार नाहीत. दिवसा पिलांसाठी घारीच्या नजरेआड झुडपाची सावली असावी. आणि कडी अशी असावी की, पंजाने ढकलून उघडू नये. ह्यांपैकी बऱ्याच गोष्टी वॅरो व कोलुमेला ह्यांनी सांगितल्या होत्या, आणि खेड्यातील कित्येक निरक्षर बायांना त्या ग्रंथांवाचून ठाऊक होत्या.

एवढ्या दीर्घ इतिहासातून निष्पन्न होणारी गोष्ट साधी आहे. शत्रूचा नायनाट करून कोंबडी राखण्याचे जे प्रयत्न मोठ्या प्रमाणावर झाले, त्यांपैकी जमैका व पेनसिल्व्हेनिया येथील प्रयत्न तरी अंगाशी आले. जेथे दार नीट बांधले आणि वेळेवर लावले गेले, तेथे घार आकाशात राहिली, मुंगूस बांधावर राहिले, आणि कोंबडीही राहिली. दाण्याच्या ओढीने रानातून उतरलेल्या ह्या पाखराने अंडी दिली, पिले दिली, गरिबाच्या संसारास आधार दिला. त्याच्या बदल्यात मनुष्याकडे तिचे मागणे एवढेच आहे की, दिवस मावळताना कोणीतरी अंगणात यावे, कोंबड्या मोजाव्या, आणि एखादी कमी भरली तर तिला शोधून आणल्यावाचून कडी लावू नये.